फिल्टरला आधी चांगली पत्रं दाखवा

(संगणक वापरणाऱ्या सर्वसामान्य श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज बोलायचं आहे ते संगणकावर बसवलेल्या मेल प्रोग्रॅमबद्दल. ब्राउझरमध्ये उघडतो त्या मेलबद्दल नव्हे. थंडरबर्ड, आउटलुक, ॲपल मेल असे जे प्रोग्रॅम आहेत, ज्यांत आपण दोन-तीन खाती एकाच खिडकीत पाहतो, त्यांच्यातल्या स्पॅम फिल्टरबद्दल, म्हणजे नको असलेली पत्रं ओळखून बाजूला काढणाऱ्या भागाबद्दल. उदाहरणं मी बहुतेक थंडरबर्डची देईन. तो फुकट आहे, आणि आत काय चाललंय ते त्यात बऱ्यापैकी उघड दिसतं.

माझं मुख्य म्हणणं आत्ताच सांगून टाकतो, कोणाला मधून उठून जायचं असेल तर हरकत नाही. फिल्टर चालत नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचा फिल्टर ठीकच असतो. त्याचं शिक्षण अर्धवट राहिलेलं असतं. कचरा दिसला की आपण जंकचं बटण दाबतो, आणि तेवढ्यावर थांबतो. चांगलं पत्र कसं दिसतं हे त्याला कोणी दाखवतच नाही. इमारतीवर नवा पहारेकरी आला तर आपण त्याच्या हातात जगातल्या सगळ्या चोरांचे फोटो देत नाही; इथे राहणारी माणसं कोण, ते आधी ओळखीचं करून देतो. फिल्टरच्या बाबतीत मात्र आपण नेमकं उलटं करतो.

आता थोडं मागे जाऊ. नको असलेलं व्यापारी पत्र ही गोष्ट इंटरनेटपेक्षा जुनी आहे. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतल्या गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं एकच निमंत्रण पाठवलं. पत्ते इतके झाले की ते पत्त्याच्या जागेत मावेनात आणि उरलेले थेट मजकुरात उतरले. लोक भडकले. पण चारशे पत्त्यांसाठी त्या काळी कोणाला फिल्टर लिहावासा वाटला नाही; रागावून उत्तर पाठवणं पुरेसं होतं. ती सोय पुढे राहिली नाही, कारण पुढच्या काळात पत्र पाठवणाऱ्याचा पत्ताच खोटा असायला लागला.

मग फिल्टर आले. पहिली पिढी नियमांची. विषयाच्या ओळीत सगळी अक्षरं मोठी असली तर संशय, तीन उद्गारचिन्हं असली तर संशय, अमुक शब्द असला तर कचरा. स्पॅमअसॅसिन हा फुकट प्रोग्रॅम 2001 मध्ये आला आणि आजही अनेक मेल सर्व्हरांवर चालतो. त्याची पद्धत गुणांची आहे. एकेका खुणेला काही गुण द्यायचे, बेरीज करायची, आणि मूळ सेटिंगनुसार ती 5 पर्यंत पोहोचली की पत्र स्पॅम. पद्धत चांगली आहे, कारण एकाच नियमावर पत्राचं भवितव्य ठरत नाही. पण माणसाने लिहिलेले नियम शिळे होतात. याचं मला आवडणारं उदाहरण याच प्रोग्रॅमचं. त्यात एक नियम होता: पत्रावरची तारीख फार पुढच्या भविष्यातली असेल तर गुण चढवायचे. लिहिताना 2010 हे साल ‘फार पुढचं’ वाटलं असणार. 1 जानेवारी 2010 उजाडला आणि जगातलं प्रत्येक प्रामाणिक पत्र त्या नियमात अडकायला लागलं! नियम लगेच दुरुस्त झाला, पण ज्यांनी आपला प्रोग्रॅम अद्ययावत केला नाही, त्यांच्याकडे तो तसाच राहिला.

म्हणून संगणकावरच्या मेल प्रोग्रॅममध्ये ‘या पत्त्यावरून आलं तर उडव’, ‘हा शब्द असेल तर उडव’ अशा नियमांची लांबलचक यादी करणारे लोक भेटले की मला वाईट वाटतं. दोनशे पत्ते अडवून ठेवलेले असतात. त्यातला एकही पत्ता पुन्हा येणार नसतो, कारण तो पहिल्या वेळीच बनावट होता. मेल फिल्टरचे नियम जरूर वापरावेत, पण चांगल्या पत्रांसाठी: बँकेची पत्रं या फोल्डरमध्ये, कामाची त्या फोल्डरमध्ये. एक आडमुठा माणूस सतत त्याच पत्त्यावरून त्रास देत असेल तर त्याला नियमाने अडवावं, ते ठीक. घाऊक कचऱ्याला नियम पुरत नाहीत.

दुसरी पिढी शिकणाऱ्या फिल्टरांची. आज थंडरबर्डमध्ये जे आहे ते हेच, त्यामुळे इथे जरा रेंगाळू या.

थॉमस बेज नावाचे अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक होते. संभाव्यतेवरचा त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, 1763 मध्ये प्रसिद्ध झाला. पुरावा हाती आल्यावर आपला अंदाज किती आणि कसा बदलावा, याचं गणित त्यात आहे. हे गणित कचरापत्रांना लावायचा प्रस्ताव 1998 मध्ये संशोधकांनी मांडला होता. पण त्याची हवा झाली ती ऑगस्ट 2002 मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने एक निबंध इंटरनेटवर टाकला तेव्हा. काही महिन्यांतच, मार्च 2003 मध्ये, मोझिला 1.3 या ब्राउझर आणि मेल एकत्र असलेल्या प्रोग्रॅममध्ये असा फिल्टर आला आणि तिथून तो थंडरबर्डमध्ये उतरला.

गणित घाबरण्यासारखं नाही. समजा तुम्ही फिल्टरला 100 कचरापत्रं आणि 100 चांगली पत्रं दाखवलीत. ‘मोफत’ हा शब्द कचऱ्यातल्या 40 पत्रांत सापडला आणि चांगल्यातल्या एका पत्रात. मग पुढच्या पत्रात ‘मोफत’ दिसला, तर त्या एका शब्दावरून पत्र कचरा असण्याची शक्यता 41 पैकी 40, म्हणजे साधारण 98 टक्के. आता दुसरा एखादा शब्द घ्या, तुमच्या पेशातला, जो कचऱ्यात क्वचित आणि चांगल्यात वारंवार येतो. तो आकडा खाली ओढतो. एक शब्द 90 टक्के आणि दुसराही 90 टक्के असेल तर दोघांचा मिळून आकडा जवळजवळ 99 होतो. पण एक 90 आणि दुसरा 20 असेल, तर तो 69 वर येतो. थंडरबर्ड मूळ सेटिंगमध्ये 90 च्या पुढेच पत्राला जंक ठरवतो. म्हणजे एका ओळखीच्या शब्दाने ते पत्र वाचलं. थंडरबर्डमधलं प्रत्यक्ष सूत्र याहून जरा सुधारलेलं आहे, पण हाडं हीच.

लक्षात घ्या, फिल्टरला शब्दांचा अर्थ कळत नाही. तो अक्षरांचे पुंजके मोजतो. त्यामुळे देवनागरी काय, रोमन काय, त्याला सारखंच. ‘मोफत’ चुकीचं लिहून ‘मो.फ.त’ केलं, तर माणूस फसत नाही आणि फिल्टरही फार काळ फसत नाही. उलट अशी मोडतोड केलेली रूपं चांगल्या पत्रांत कधीच येत नसल्यामुळे ती नव्या कचऱ्याची पक्की खूण बनतात. मला या प्रकारात नेहमी गंमत वाटते: चोराने चेहऱ्यावर रंग फासला आणि त्या रंगावरूनच ओळखला गेला.

आता मूळ मुद्द्याकडे. समजा तुम्ही 500 कचरापत्रं दाखवलीत आणि चांगली फक्त 5. ‘नमस्कार’ हा शब्द कचऱ्यातल्या 60 पत्रांत होता, कारण कचरा पाठवणारेही सभ्यपणे सुरुवात करतात. तुमच्या पाच चांगल्या पत्रांत तो योगायोगाने नव्हता. फिल्टरच्या दृष्टीने ‘नमस्कार’ हा कचऱ्याचा शब्द झाला. तुम्ही त्याला दुसरं काही सांगितलंच नाही, तर त्याने तरी काय समजावं? असे शंभरेक सामान्य शब्द बिघडले की तुमच्या जुन्या मित्राचं पत्र जंकमध्ये जाऊन पडतं आणि तुम्ही म्हणता, फिल्टर बेभरवशाचा आहे.

ग्रॅहम यांच्या मूळ आराखड्यात चांगल्या पत्रांतले शब्द मोजताना दुप्पट धरलेले होते. त्यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. कचरा चुकून इनबॉक्समध्ये आला तर तुमची दोन सेकंदं जातात. चांगलं पत्र चुकून कचऱ्यात गेलं तर नोकरीची मुलाखत जाऊ शकते, आणि ती गेली हे कळतही नाही. दोन्ही चुका सारख्या नाहीत. फिल्टरची जाहिरात मात्र नेहमी ‘किती टक्के कचरा पकडला’ एवढ्यावरच होते. विचारायला हवं ते दुसरं: चांगली किती अडवली? स्पॅमअसॅसिनचा शिकणारा भाग या बाबतीत शहाणा आहे. किमान 200 कचरापत्रं आणि किमान 200 चांगली पत्रं शिकल्याशिवाय तो मत देतच नाही. एका बाजूचं ऐकून तोंड उघडायचं नाही, असा त्याचा दंडक आहे.

आता प्रत्यक्ष मांडणी. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज उघडा. प्रत्येक खात्याखाली जंक सेटिंग्ज नावाचं पान असतं. प्रत्येक खात्याखाली, हे लक्षात असू द्या. एका खात्याचं केलं म्हणजे दुसऱ्याचं झालं असं नाही. पहिली चौकट ‘ॲडॅप्टिव्ह जंक मेल कंट्रोल्स’ची. तिच्यावर खूण हवी. तिच्याखाली तुमच्या पत्तावह्या दिसतात: या वहीतल्या माणसाकडून आलेलं पत्र आपोआप जंक ठरवू नये. खूण करा. मात्र थंडरबर्डमध्ये ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’ नावाची एक वही असते, जिच्यात तुम्ही ज्याला पत्र पाठवाल त्याचा पत्ता आपोआप जमा होतो. तुम्ही एखाद्या कचरेवाल्याला ‘कृपया मला पत्रं पाठवू नका’ असं उत्तर दिलंत, तर तो तुमच्या परिचितांच्या यादीत जाऊन बसला! त्या वहीवर खूण करायची की नाही हे तुमच्या उत्तरं देण्याच्या सवयीवर ठरवा. माझा सल्ला विचाराल तर कचऱ्याला उत्तर कधीच देऊ नका आणि मग खूण करायला हरकत नाही.

याच संदर्भात आणखी एक. स्वतःचा पत्ता स्वतःच्या पत्तावहीत ठेवू नका. तुमच्याच नावाने तुम्हालाच आलेलं धमकीचं पत्र तुम्ही पाहिलं असेल, ‘तुमचा संगणक माझ्या ताब्यात आहे’ वगैरे. पाठवणाऱ्याच्या जागी कोणाचंही नाव लिहिता येतं. त्यात घुसखोरीचा पुरावा नाही. काही प्रोग्रॅम स्वतःच्या पत्त्याला ही सवलत देणं आपणहून टाळतात, पण त्यावर विसंबण्यापेक्षा पत्ता काढून टाकलेला बरा.

त्याच पानावर खाली ‘ट्रस्ट जंक मेल हेडर्स सेट बाय’ अशी ओळ आहे आणि पुढे निवडीत स्पॅमअसॅसिनसारखी नावं. तुमची मेल सेवा पत्र तुमच्यापर्यंत येण्याआधी स्पॅमअसॅसिन चालवत असेल, तर ती पत्राच्या माथ्यावर आपला निकाल लिहून ठेवते. तो निकाल थंडरबर्डने मान्य करावा का, एवढाच प्रश्न आहे. आपली सेवा हे करते का, ते बघायचं असेल तर एखादं पत्र उघडून कंट्रोल-यू दाबा. पत्राचा कच्चा मजकूर दिसेल. वरच्या ओळींत ‘एक्स-स्पॅम’ने सुरू होणाऱ्या ओळी असतील तर खूण करा, नसतील तर तिला हात लावायचं कारण नाही.

जंक ठरलेली पत्रं कुठे जावीत? इथे माझं ठाम मत आहे. सुरुवातीला कुठेच नाही. पहिले दोन-तीन आठवडे पत्रं हलवण्याची खूण काढून ठेवा. जंक ठरलेल्या पत्रासमोर ज्वाळेचं चिन्ह येईल, पत्र मात्र इनबॉक्समध्येच राहील. रोज नजर टाकायची. चुकीची ज्वाळा दिसली की शिफ्ट धरून ‘जे’ हे इंग्रजी अक्षर दाबायचं, म्हणजे ‘जंक नाही’. कचरा सुटलेला दिसला की नुसतं ‘जे’. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी हे व्याख्यान आहे: तुमच्या जुन्या चांगल्या पत्रांच्या फोल्डरमध्ये जा, शंभर-दोनशे पत्रं एकदम निवडा आणि शिफ्ट-जे दाबा. मित्रांची पत्रं, कामाची, पावत्या, तिकिटं, बँकेच्या सूचना, सगळे प्रकार येऊ द्या. पावत्या आणि बँकेच्या सूचना तर आवर्जून, कारण दिसायला त्या जाहिरातीच्या सर्वांत जवळच्या असतात आणि फिल्टर सर्वांत जास्त तिथेच चुकतो. एवढं एकदा केलंत की पुढे अधूनमधून केलं तरी चालतं.

मग हलवण्याची खूण करा. ‘चौदा दिवसांहून जुनी जंक पत्रं आपोआप पुसा’ असा पर्याय तिथेच असतो. आकडा बदलून 30 करा. तुम्ही स्वतः जंक म्हटलेलं पत्र तत्क्षणी पुसून टाकण्याचा पर्यायही थंडरबर्डच्या सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या पानावर सापडेल. तो वापरू नका. आठवड्यातून एकदा जंक फोल्डर पाठवणाऱ्याच्या नावानुसार लावून घ्या आणि वरून खाली नजर फिरवा. ओळखीचं नाव त्या गर्दीत पटकन उठून दिसतं.

इथे एका बाईंनी प्रश्न विचारला की, मी ज्यांची वर्गणीदार आहे त्या दुकानांच्या जाहिराती मी जंक करते, तरी त्या परत येतात, असं का? प्रश्न चांगला आहे, कारण यात फिल्टर बिघडवण्याचा सर्वांत सामान्य मार्ग सापडतो. तुम्ही स्वतः नाव नोंदवलेलं आहे. त्या पत्रातले शब्द आणि तुमच्या खऱ्या खरेदीच्या पावतीतले शब्द जवळजवळ तेच: दुकानाचं नाव, तुमचं नाव, वस्तूंची नावं. एकाला जंक म्हणायचं आणि दुसऱ्याला चांगलं, यात फिल्टर गोंधळणारच. अशी पत्रं जंक करायची नसतात, वर्गणी रद्द करायची असते. ओळखीच्या, खऱ्या संस्थेच्या पत्रातला ‘अनसबस्क्राइब’ दुवा बिनधास्त वापरा. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने तर घाऊक जाहिरात पाठवणाऱ्यांना एका टिचकीत वर्गणी रद्द करण्याची सोय देणं सक्तीचं केलं आहे. जीमेलच्या हिशेबात घाऊक म्हणजे दिवसाला 5,000 पत्रांपासून पुढे. अनोळखी कचऱ्यातला तसाच दुवा मात्र दाबू नका. तिथे तुम्ही फक्त एवढंच कळवता की हा पत्ता जिवंत आहे आणि इथे कोणीतरी वाचतं.

तीच गोष्ट चित्रांची. पत्रातलं चित्र बाहेरच्या सर्व्हरवरून येत असेल, तर ते उघडताच त्या सर्व्हरला कळतं की पत्र उघडलं गेलं. चित्र डोळ्यांना न दिसणाऱ्या एका ठिपक्याएवढंही असू शकतं. थंडरबर्ड अशी चित्रं मूळ सेटिंगमध्येच रोखून धरतो. ती सोय सगळ्यांसाठी सरसकट सैल करू नका. विश्वासू पाठवणाऱ्यापुरती परवानगी देता येते.

आउटलुक वापरणारे बरेच जण इथे असतील. त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगावं लागेल. जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये जंक ईमेल ऑप्शन्समध्ये ‘लो’, ‘हाय’ आणि ‘सेफ लिस्ट्स ओन्ली’ असे स्तर आहेत. हा फिल्टर तुमच्याकडून शिकत नाही. त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टकडून तयार व्याख्या यायच्या, आणि त्या नोव्हेंबर 2016 पासून बंद झाल्या. म्हणजे ‘हाय’ केल्याने तुम्ही एका जुन्या पहाऱ्याला अधिक कडक व्हायला सांगता, अधिक शहाणं नव्हे. आउटलुकमध्ये सुरक्षित पाठवणाऱ्यांची यादी नीट भरणं आणि कचरा ओळखण्याचं काम सर्व्हरवर सोडणं, हेच खरं. सेफ लिस्ट्स ओन्ली हा पर्याय यादीबाहेरच्या सगळ्यांनाच जंकमध्ये टाकतो. ज्यांना अनोळखी माणसाचं पत्र कधीच अपेक्षित नसतं अशा खात्यापुरताच तो बरा.

मग कोणी विचारेल, आणि मघाशी एका गृहस्थांनी विचारलंच, की सर्व्हरवर इतके हुशार फिल्टर असताना संगणकावर वेगळा फिल्टर हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. सर्व्हरला जे दिसतं ते तुमच्या संगणकाला कधीच दिसणार नाही. एकच पत्र एका तासात लाखो लोकांना गेलं, हे त्याला दिसतं. पत्र कुठल्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुठल्या यंत्राच्या क्रमांकावरून आलं आणि तो पत्ता स्पॅमहाउससारख्या संस्थेच्या काळ्या यादीत आहे का, हे तो तपासतो. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन पद्धतींनी, पाठवणारा ज्या डोमेनचं (मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाचं) नाव सांगतोय त्या डोमेनने त्याला खरोखर परवानगी दिली आहे का, हेही तो बघतो. कंट्रोल-यू दाबून ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ ही ओळ शोधलीत तर त्या तपासणीचे निकाल तुम्हालाही वाचता येतील. पण त्या निकालातून पाठवणारा खरा आहे एवढंच कळतं, तो सज्जन आहे असं नाही. कचरेवाले स्वतःचं डोमेन विकत घेऊन तिन्ही परीक्षा व्यवस्थित पास होतात.

सर्व्हरला दिसत नाही ती एकच गोष्ट: तुम्ही. औषधांची नावं जगातल्या बहुतेकांसाठी कचऱ्याची खूण आहेत, पण औषधविक्रेत्यासाठी ती रोजची भाषा आहे. कर्ज, व्याज, हप्ता हे शब्द हिशेबनिसाच्या इनबॉक्समध्ये घरचेच असतात. सर्वांसाठी एकच मोजमाप लावणाऱ्या फिल्टरला हा फरक पुरेसा कळत नाही. तुमच्या दोनशे पत्रांवर शिकलेला फिल्टर तुमच्यापुरता जाणकार होतो. आणि यात एक आडून मिळणारा फायदा आहे. कचरेवाल्यांनी आपल्या पत्राच्या तळाशी गोष्टीच्या पुस्तकांतले परिच्छेद चिकटवून फिल्टरला गंडवायचा प्रयत्न बराच काळ केला. पण तुमच्या पत्रांत कुठले शब्द ओळखीचे आहेत हे त्यांना माहीत नाही. त्यांनी टाकलेले शब्द ‘साधारण चांगले’ असतात, ‘तुमचे’ नसतात.

जिथे हा फिल्टर हमखास हरतो, तेही सांगायला हवं. ‘हे बघ’ आणि खाली एक दुवा, एवढंच पत्र. मोजायला शब्दच नाहीत. किंवा तुमच्या मित्राचं खातं कोणीतरी बळकावलं आणि तिथून पत्र आलं: पत्ता तुमच्या वहीतला, तिन्ही परीक्षा पास, भाषा साधी. संगणकावरचा फिल्टर ते अडवणार नाही, आणि त्याने अडवावं अशी अपेक्षाही करू नये. तिथे मित्राला फोन करणं हाच उपाय.

आयमॅप आणि पॉप या सर्व्हरवरची पत्रं प्रोग्रॅमपर्यंत आणण्याच्या दोन पद्धती; आयमॅपमध्ये पत्रं सर्व्हरवरच राहतात, पॉपमध्ये ती संगणकावर उतरवली जातात. त्यांतला फरक इथे अचानक महत्त्वाचा होतो. तुमचा प्रोग्रॅम पॉपने पत्रं आणत असेल तर तो फक्त इनबॉक्स आणतो. सर्व्हरने ज्यांना स्पॅम ठरवलं ती पत्रं तुमच्या संगणकावर कधीच उतरत नाहीत. म्हणजे तुमच्या संगणकावरचा जंक फोल्डर तुम्ही कितीही काळजीने तपासलात, तरी सर्व्हरची चूक तिथे सापडणारच नाही. पॉप वापरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी ब्राउझरमधून आत जाऊन तिथला स्पॅम फोल्डर पाहिला पाहिजे. जीमेलमध्ये तो 30 दिवसांनी आपोआप रिकामा होतो. आयमॅप असेल तर सर्व्हरचा स्पॅम फोल्डर थंडरबर्डमध्येही दिसू शकतो, थंडरबर्डच्या ‘सबस्क्राइब’ यादीत त्या फोल्डरवर खूण केलेली असेल तर. त्या खात्याची जंक पत्रंही त्याच फोल्डरमध्ये टाकायला सांगा, म्हणजे दोन ठिकाणी शोधावं लागणार नाही. अनेक सेवा, पत्र त्या फोल्डरमध्ये गेलं की त्यातून स्वतःही शिकतात.

आयमॅपवाल्यांच्या आणखी एका तक्रारीचं उत्तर: संगणकावर सगळं स्वच्छ दिसतं, पण फोनवर कचरा तसाच असतो. तुमचा फिल्टर राहतो संगणकावर. संगणक बंद असेल तर तो काम करत नाही, आणि तोवर फोनला सर्व्हरवरचा इनबॉक्स जसाच्या तसा दिसतो. संगणक सुरू झाला, थंडरबर्डने पत्रं हलवली, की फोनवरूनही ती जातील.

शेवटचा प्रश्न एका तरुणाने विचारला: नवा संगणक घेतला तर सगळं शिक्षण पुन्हा करायचं का? नाही. थंडरबर्ड आपलं शिक्षण प्रोफाइल फोल्डरमधल्या ‘ट्रेनिंग डॉट डॅट’ या फाइलीत ठेवतो. हेल्प मेन्यूतल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून तो फोल्डर उघडता येतो. थंडरबर्ड पूर्ण बंद करा, ती एक फाइल उचला, नव्या संगणकावरच्या प्रोफाइलमध्ये ठेवा आणि मगच तिथला थंडरबर्ड सुरू करा. जुनं शिक्षणच बिघडलेलं असेल, म्हणजे तुम्ही वर्षानुवर्षं वर्गणीच्या जाहिराती जंक करत आला असाल, तर फाइल नेऊच नका. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या पानावर ‘रीसेट ट्रेनिंग डेटा’चं बटण आहे, पण नव्या संगणकावर तेही दाबावं लागत नाही, तिथे पाटी कोरीच असते. तेवढी दोनशे चांगली पत्रं निवडून शिफ्ट-जे दाबायला विसरू नका.